आधी फळा, मग वक्ता

आमच्या गावात 'लायब्ररी' म्हणजे खोली नव्हे, माणूस. "लायब्ररी आली का?" असं कुणी विचारलं की उत्तर यायचं, "आली व्हती, च्या प्यायला गेली." कधी "लायब्ररी आज चिडलीया, उद्या जावा." एकदा तर "लायब्ररीला ताप भरलाय" असंही ऐकलं. मी गावात नवा होतो, त्यामुळे चक्रावून गेलो. शेवटी ती लायब्ररी पाहिली, तेव्हा साठी ओलांडलेली, बुटकी, खाकी पॅंट आणि पांढरा सदरा घातलेली आणि खिशाला दोन पेनं अडकवलेली निघाली: आमचे ग्रंथपाल. एक पेन लिहायचं आणि दुसरं मागायला येणाऱ्यांना द्यायचं. दुसरं चालत नसे.

मी लातूरकडचा. नव्याण्णव साली पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो आणि जवळच्या गावात वाचनालयाच्या मागची खोली भाड्याने घेतली. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची रस्त्यालगतची पत्र्याची खोली, सहा लोखंडी कपाटं, दोन बाकडी आणि दाराबाहेर भिंतीवर रंगवलेला एक मोठा काळा फळा. फळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, 'आगामी कार्यक्रम'. गावात दुकानांच्या पाट्या रंगवायला आलेल्या पेंटरने उरलेल्या रंगात ते फुकट लिहून दिलं होतं. त्याआधी वाचनालयात कार्यक्रम वगैरे काही होत नसत.

"आता मथळा पुसता येत नाही," ग्रंथपालांनी मला सांगितलं होतं, "आणि खाली मोकळं ठेवलं तर गावाची अब्रू जाते. म्हणून कार्यक्रम सुरू केले."

सुरू करण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. कार्यक्रम ठरवून मग फळ्यावर लिहिण्याचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. ते आधी लिहीत. वक्त्याला आपण वक्ते आहोत हे फळा वाचून कळे. गृहस्थ निवृत्तीपूर्वी एका बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तिथलं होतं.

"गाडी आहे की नाही ते कुणाला ठाऊक असतं?" ते म्हणत. "आपण बोर्डावर वेळ लिहायची. वेळ वाचून माणसं जमतात. माणसं जमली की डेपोला गाडी सोडावी लागते. आधी गाडी आणून मग बोर्ड लिहायला बसलं असतं तर आजवर एक माणूस गावाला पोचला नसता."

त्यामुळे वेळाही तशाच असत. पाच वाजता, सहा वाजता असं नाही. सायंकाळी ५.२०. सायंकाळी ६.१०. गोल वेळ दिली की लोक उशिरा येतात, आणि विचित्र वेळ दिली की त्यामागे काहीतरी कारण असेल म्हणून वेळेवर येतात, असा त्यांचा अनुभव होता. तो खरा होता.

मला राहायला येऊन महिना झाला असेल. जुलैमधला शनिवार. कामावरून परतताना सहज फळ्याकडे बघितलं, तर तिथं माझं नाव. आडनावासकट. 'रविवार, सायं. ५.२०. पाण्याविना गाव: अनुभवकथन.'

मी आत गेलो. ते एका पुस्तकाला खाकी कव्हर घालत होते.

"बाहेर माझं नाव आहे," मी म्हणालो.

"शुद्धलेखन चुकलंय?"

"नाही. पण मला कुणी विचारलं नाही."

"आता कळलं ना?"

"मी कधी भाषण केलेलं नाही हो."

"म्हणूनच वीस मिनिटं दिलीत. केलेलं असतं तर दहाच दिली असती."

मला राग आला होता, पण कुतूहलही होतं. "मी पाण्याविना गावातला आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी कव्हरची घडी नखाने दाबली. "महिनाभर बघतोय. तुम्ही चावडीजवळ दुसऱ्यांनी उघडे टाकलेले नळ बंद करत फिरता. इथं कुणी करत नाही. त्यामागे काहीतरी असणार."

दुसऱ्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी मी उभा राहिलो. ताम्हिणी घाटाकडून आलेला पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की मी दुष्काळावर जे बोललो ते पहिल्या बाकाच्या पुढे गेलं नाही. टँकर, रात्रीची रांग, आईने एका बादलीत उरकलेलं चौघांचं सगळं, हे मी अक्षरशः ओरडून सांगत होतो आणि दारातून आत येणारं पाणी माझ्या चपलेखालून वाहत होतं. ग्रंथपाल दारात उभे होते. कार्यक्रम सुरू झाला की ते कायम दारातच उभे राहत. बसले तर लोक निसटतात, हा अनुभवही बसस्थानकावरचाच.

भाषण संपल्यावर पहिल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "पर मग म्हशी कुटं बसायच्या?"

मी म्हणालो, "आमच्याकडे म्हशी फारशा नव्हत्याच, आजोबा."

पाण्याचं त्या म्हाताऱ्याला काही वाटलं नव्हतं, पण म्हशी नाहीत म्हटल्यावर त्याला सगळं एकदम कळलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी तांब्याभर दूध आलं, आणि पुढे वर्षभर अधूनमधून येत राहिलं. गावात माझी ओळख झाली ती त्या वीस मिनिटांत. त्याआधी मी 'लायब्ररीच्या मागला भाडेकरू' होतो.

असे वक्ते त्यांनी शेकड्याने तयार केले म्हटलं तर खोटं ठरेल, पण गावात फळ्याला घाबरून नसेल असं घर नव्हतं. माणसं शनिवारी सकाळी रस्त्याच्या पलीकडून जात आणि मान वळवून नाव नाही ना एवढं बघून घेत. पंक्चर काढणारे रशीदभाई आपलं नाव वाचून दोन दिवस दुकान बंद ठेवून महाळुंग्याला मेहुण्याकडे जाऊन राहिले. विषय खरं तर 'टायरमधील हवा आणि तिची निगा' असा होता, पण फळ्यावर जागा कमी पडली म्हणून ग्रंथपालांनी नुसतं 'हवा' लिहिलं. रशीदभाई रविवारी परत आले ते कार्यक्रम होऊन गेला असेल या समजुतीने. ग्रंथपालांनी तो सायंकाळी ७.०५ वर ढकलला होता.

त्या दिवशी पुण्याचे एक गृहस्थ जागा बघून परतत होते. 'हवा' वाचून त्यांना पर्यावरणाचं व्याख्यान वाटलं आणि ते गाडी थांबवून आत येऊन बसले. अर्धा तास त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवून भोक कसं शोधायचं ते शांतपणे ऐकलं आणि शेवटी ओझोनच्या थराबद्दल प्रश्न विचारला. रशीदभाईंनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "ते ट्यूबलेसला येत आसंल साहेब. आपल्याकडं अजून कुनी आनलेलं न्हाई." गृहस्थ जाताना वाचनालयाला शब्दकोश देऊन गेले.

कार्यक्रम चालू असताना कुणाला उठून जायचंच असेल तर त्यासाठी एक वही होती. नाव, वेळ, जाण्याचं कारण आणि सही. बहुतेकांचं कारण 'म्हैस' असे. एकाने 'कंटाळा' असं खरं लिहिलं, तर ग्रंथपालांनी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि पुढच्या रविवारी त्यालाच वक्ता केलं. कार्यक्रमानंतर ते अहवाल लिहीत. तो मी अनेकदा वाचला आहे. 'उपस्थिती एकवीस. झोपलेले चार, त्यांपैकी एक अध्यक्ष.'

सगळंच सुरळीत होई असं नाही. एका सर्पमित्राने पोत्यातून धामण आणली होती. समज आणि गैरसमज सांगता सांगता पोत्याची गाठ सैल झाली आणि धामण इतिहासाच्या कपाटामागे गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली: 'वाचनालयात धामण आहे. बिनविषारी आहे. वाचकांनी बिचकू नये.' तीन आठवडे ग्रंथपाल सोडून आत कुणी आलं नाही. मीही दारातूनच पुस्तक मागत असे. ग्रंथपाल मात्र निर्धास्त होते. "उंदरांनी कुरतडणं थांबलंय," ते म्हणाले. "गेल्या वर्षभरात वाचनालयासाठी एवढं काम कुणी केलं नव्हतं."

त्यांच्या घरचं मला फारसं कळलं नाही. बायको लवकर गेली होती. एक मुलगा संगणकाच्या कंपनीत होता, त्याने नांद्याला फ्लॅट घेतला होता आणि वडिलांनी तिथं यावं म्हणून तो दर महिन्याला येऊन तासभर बसे. ग्रंथपाल त्याला दर वेळी एक पुस्तक देऊन परत पाठवत. पुस्तक परत करायला त्याला यावंच लागे. मला वाटायचं ते सहज देतात. पुढे लक्षात आलं, ते नेहमी दोन खंडांतलं पुस्तक द्यायचे आणि पहिलाच खंड द्यायचे.

मग दोन हजार सातच्या आसपास रस्ता रुंद झाला. हिंजवडीकडून येणाऱ्या गाड्या वाढल्या, रस्त्याकडेच्या जागांना भाव आला आणि आमची पत्र्याची खोली एकाएकी मोक्याची ठरली. पंचायतीत ठराव येणार अशी बातमी आली. वाचनालय शाळेच्या मागच्या खोलीत हलवायचं आणि त्या जागी गाळे काढायचे. शाळेच्या त्या खोलीला खिडकी नव्हती आणि पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साचे, हे सगळ्यांना माहीत होतं.

सरपंचपद त्या वेळी महिलांसाठी राखीव होतं. सरपंच होत्या मंगलताई, पण गाव 'सरपंच' म्हणे ते त्यांच्या नवऱ्याला, दत्ताभाऊंना. सभेत दत्ताभाऊ बोलत, उद्घाटनाची फीत दत्ताभाऊ कापत आणि कागद घरी नेऊन मंगलताईंची सही आणत. गाळ्यांची कल्पना त्यांचीच होती.

मी म्हटलं, आता फळ्यावर 'वाचनालय वाचवा' असं काहीतरी येणार. शनिवारी जाऊन पाहतो तर लिहिलेलं: 'पुढील रविवार, सायं. ५.२०. विषय: वाचनालय का हलवावे? वक्त्या: सरपंच मंगलताई (स्वतः).'

"अहो, हे काय केलंत?" मी विचारलं. "आपल्या विरोधात आपणच सभा भरवायची?"

"हलवायचं त्यांना आहे. का हलवायचं ते त्यांनी सांगावं. आपल्याला कुठं माहीत आहे?"

तासाभरात दत्ताभाऊ मोटारसायकलवरून आले. माणूस वाईट नव्हता. मोठ्याने बोलायचा इतकंच. "लायब्ररी, आमची मंडळी बोलत न्हाई. मी येतो रविवारी."

"फळ्यावर त्यांचं नाव आहे."

"मग फळ्यावर माजं लिवा."

"तुम्हाला पुढच्या महिन्यात विषय देतो. मोकळा रविवार बघावा लागेल."

दत्ताभाऊंनी खिशातून रुमाल काढला आणि नाव पुसलं. ग्रंथपालांनी अडवलं नाही. संध्याकाळी ते नाव पुन्हा होतं, जरा मोठ्या अक्षरात. सोमवारी पुसलं गेलं, मंगळवारी परत आलं. बुधवारपर्यंत गावातल्या शेंबड्या पोरालाही कार्यक्रमाचा विषय, वेळ आणि कंसातला 'स्वतः' पाठ झाला होता. दत्ताभाऊंनी पुसायचं सोडून दिलं, कारण पुसताना बघायला लोक जमू लागले होते.

गुरुवारी माझी सुटी होती. दुपारी मी बाकावर पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा मंगलताई आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. बाजारला निघाल्यासारख्या. गावात माझी आठ वर्षं झाली होती, पण मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

"काय बोलायचं आसतं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"तुम्हाला वाचनालय का हलवायचं आहे, ते," ग्रंथपाल म्हणाले.

"मला कुटं हालवायचंय?"

"मग कुणाला हलवायचंय?"

त्यांनी मागे रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ते न्हाई बोलता यायचं."

"जे बोलता येईल ते बोला. वीस मिनिटं आहेत."

"वीस मिन्टं? आवं, लग्नात मला उखाना पुरा झाला न्हाई. नाव आलं आन रडूच फुटलं."

"किती शिकलात?"

"सातवी. पयला नंबर व्हता." हे सांगताना पदर थोडा मागे सरकला.

ग्रंथपालांनी खुर्ची पुढे ओढली. "हलवायचं असेल तर काय हलवायचं ते आधी बघावं लागेल. कपाटं उघडी आहेत. बघा."

त्या बसल्या. आधी कपाटांतली पुस्तकं बघितली, मग अहवालांच्या वह्या पुढे घेतल्या. पानं उलटता उलटता मधेच तोंडावर पदर धरून हसू लागल्या. कुठे रशीदभाईंची हवा, कुठे म्हशीच्या कारणाने उठून गेलेले मानकरी, कुठे घोरणारे अध्यक्ष. सगळं गाव त्यांच्या ओळखीचं, पण आत काय घडलं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दोन तास त्या वाचत होत्या. चहा आला, तो गार झाला. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "बायकांचं कुनाचंच नाव न्हाई ह्यात?"

ग्रंथपाल पहिल्यांदाच गडबडलेले मी पाहिले. दुसरं, न चालणारं पेन हातात घेऊन ते उगाच टोपण काढत-घालत राहिले. "चूक झाली," ते म्हणाले. "माझी."

रविवारी पाच वाजताच खोली भरली. बायका इतक्या आल्या की पुरुषांना रस्त्यावर उभं राहावं लागलं. पहिल्या बाकावर दत्ताभाऊ, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. त्यांनी कुणाकडून तरी भाषण लिहून आणलं होतं आणि ते मंगलताईंच्या हातात दिलं होतं. पाच वीसला त्या उभ्या राहिल्या. वाचन स्पष्ट होतं. विद्यार्थ्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी वाचनालय शाळेच्या आवारात असणं कसं हितावह आहे, असं दीड पान झालं. दत्ताभाऊ मान डोलवत होते.

मग त्या थांबल्या. कागदाची घडी घातली.

"हे मी लिवल्यालं न्हाई," त्या म्हणाल्या. "चांगलं हाय, पर माजं न्हाई. मी दोन वर्सं सरपंच हाय. सह्या करते. कशावर करते त्ये वाचाया गेले की म्हनत्यात, वाचतीस काय, उशीर व्हतोय, कर सही. गुरवारी मी हितं आले. मला वाटलं ही लायब्ररी मला भाशन शिकवल. त्यांनी काय शिकवलं न्हाई. खुर्ची दिली आन म्हनले, आदी बघा." त्यांनी पदर सारखा केला. "दोन वर्सांत मला असं कुनी म्हनलं नव्हतं. तवा मी काय म्हनते, ठराव हितं आना. मी वाचनार. ती शाळेमागची खोली सोता बघनार. आन मग सांगनार, सही करते का न्हाई ते. आज मला ह्या परश्नाचं उत्तर येत न्हाई. झालं माजं."

चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. टाळ्या मागच्या बायकांनी सुरू केल्या. दत्ताभाऊ काही क्षण खाली बघत बसले आणि मग, आजूबाजूला सगळे वाजवतायत म्हटल्यावर, त्यांनीही वाजवल्या.

ठराव मंगलताईंनी वाचला. एकदा नव्हे, तीन महिने वाचला. दर बैठकीला त्या एक ओळ काढत आणि तिचा अर्थ विचारत. शाळेमागची खोली बघायला त्या भर पावसात गेल्या आणि सोबत सगळ्या सदस्यांना घेऊन गेल्या. गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर त्या खोलीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. गाळे पुढे दुसरीकडे झाले. दत्ताभाऊ आठवडाभर घुम्यासारखे फिरले आणि मग चहाच्या टपरीवर सांगू लागले, "आमच्या मंडळींनी काय बोलून दावलं. कागद बाजूला ठिवून." जणू कागद बाजूला ठेवायची कल्पना त्यांचीच होती. ग्रंथपाल आणखी तीन वर्षं होते. गुडघे गेल्यावर मुलाने त्यांना नांद्याला नेलं. मी भेटायला गेलो की ते तिथल्या शेजाऱ्यांबद्दल बोलत, कोण काय करतो, कोण कशावर वीस मिनिटं बोलू शकेल. एका पावसाळ्यात ते गेले.

पण त्या रविवारी, गर्दी ओसरल्यावर, मी बाकडी भिंतीला लावत होतो तेव्हाची गोष्ट. बाहेर दत्ताभाऊंनी मोटारसायकल चालू करून ठेवली होती. मंगलताई टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, सभासद व्हायचंय. ग्रंथपालांनी अर्ज काढला. स्वतःच्याच हाताने भरू लागले.

"पूर्ण नाव?"

त्यांनी सांगितलं.

"शिक्षण सातवी. पहिला नंबर," ग्रंथपाल लिहिता लिहिता म्हणाले. "व्यवसाय?"

गावातल्या बायकांच्या ज्या थोड्या अर्जांवर हा रकाना भरलेला होता, तिथं ग्रंथपालांनी न विचारताच 'घरकाम' लिहिलेलं मी पाहिलं होतं. आज ते पेन उचलून थांबले होते. बाहेर हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

मंगलताईंनी दाराकडे पाहिलं, मग अर्जाकडे.

"सरपंच," त्या म्हणाल्या. "लिवा. आन त्येंना म्हनावं, तुमी व्हा म्होरं. मी चालत येते."